दप्तर टिकवणारे यंत्र

जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वे फाटा १८७० साली सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस अडवून ठेवला, लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि खामगावच्या कापूस बाजाराला जगाच्या व्यापारात जागा मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांत भरले ते अर्थातच इंजिन. पण त्याच दशकात वऱ्हाडात एक दुसरे, बिनआवाजाचे काम चालू होते. १८६१ पासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू झाली होती. शेतांना सर्व्हे नंबर मिळत होते, साऱ्याचा आकार ठरत होता, सगळे कागदावर येत होते. ते इंजिन कधीच भंगारात गेले. सर्व्हे नंबर मात्र आजही सातबाऱ्यावर, खरेदीखतात आणि बांधाच्या भांडणात जिवंत आहेत.

आज बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेत, सेवा सोसायटीत, आडत दुकानात किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात सर्व्हर घ्यायचा विषय निघतो तेव्हा पुन्हा इंजिनाकडेच पाहिले जाते. तीन कोटेशने टेबलावर येतात. प्रोसेसर कितव्या पिढीचा, किती कोअरचा, वेग किती यावर चर्चा होते आणि सर्वांत स्वस्त कोटेशनवर सही होते. पण दहा-पंधरा जण एका जाळ्यावर बसून खाती भरतात, एवढ्या कामाला आजचा कोणताही साधारण प्रोसेसर पुरून उरतो. लहान कार्यालयाचा सर्व्हर वेगासाठी घ्यायचाच नसतो. तो दप्तर टिकवण्यासाठी घ्यायचा असतो. मग पहिला प्रश्न हाच येतो की हे यंत्र इथे, या विजेवर आणि या उन्हात कसे बिघडेल, आणि बिघडले तर आपल्या हाती काय उरेल?

हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. मेहकर हे अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते आणि ऐन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. मुघलांनंतर निजाम आला. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. राज्ये बदलली, लिपी मोडीची बाळबोध झाली, कागद हातबनावटीचा होता तो गिरणीचा झाला. रयतेला मात्र प्रत्येक वेळी एकच काळजी होती, ती म्हणजे आपले नाव, आपले शेत आणि आपले देणे नव्या दप्तरात बरोबर उतरले की नाही याची. कापडी रुमालात बांधलेली दप्तरे शंभर-दोनशे वर्षे टिकली. त्यांना वाळवी लागे, पाणी लागे, पण ती एका रात्रीत सगळीच्या सगळी नाहीशी होत नसत. हार्डडिस्क होते.

कागद कोणाच्या ताब्यात, हा तर महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या इतिहासातला फार मोठा प्रश्न आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर धाव घेतली. दंगल गावोगाव पसरली, तेव्हा लोकांच्या रागाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या ओढून काढून जाळल्या गेल्या. कारण नोंदीची प्रत एकच होती आणि ती सावकाराच्या पेटीत होती. तीत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नव्हते, पडताळता येत नव्हते. त्यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात ग्रामनिबंधक नेमले गेले, कर्जरोखे त्यांच्यासमोर लिहिण्याची सक्ती झाली आणि भरलेल्या पैशाची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. म्हणजे नोंद एकाच पेटीत राहू नये, तिची दुसरी प्रत दुसऱ्या विश्वासू ठिकाणी असावी, हे तत्त्व इथे दंगलीतून शिकले गेले. त्याच वाटेने पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. किर्द, खतावणी, सभासद नोंदवही आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण ही सहकाराची खरी यंत्रसामग्री होती.

संगणक या यंत्रसामग्रीत उशिरा आला. १९८४ च्या रंगराजन समितीने बँकांमध्ये यंत्रे आणायची वाट आखली आणि शाखांमधून लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. संघटनांचा विरोध होता, खातेदारांच्या मनात शंका होती, म्हणून हाताची खतावणी आणि यंत्रातली खतावणी काही काळ जोडीने चालली. त्या काळात हे दुप्पट काम अनेकांना जाचले. पण यंत्र बंद पडले तरी कुणाचे खाते बुडत नसे, ते त्या जोडीमुळेच.

याच दशकात जिल्ह्यातही दोन गोष्टी घडल्या. १९८३ साली शेगावात संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले आणि १९८६ साली बुलडाण्यात राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने बुलडाणा अर्बन ही पतसंस्था सुरू झाली. पहिलीने यंत्र उघडून पाहणारी माणसे घडवली. दुसरी एका जिल्ह्याच्या गावातून निघून शेकडो शाखांपर्यंत पोचली. शेतमाल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज देणे हे तिच्या कामाचे मोठे अंग आहे. गोदामातल्या पोत्यावर पैसा द्यायचा म्हणजे पोत्याइतकाच भरवसा पोत्याच्या नोंदीवर हवा. मोठ्या संस्थेला त्यासाठी स्वतंत्र संगणक विभाग ठेवता येतो. तीन खोल्यांच्या संस्थेला ते जमत नाही, म्हणून तिने यंत्र निवडतानाच शहाणपण वापरायचे असते.

ते शहाणपण कुठून घ्यावे? १९८८ साल याबाबत फार बोलके आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एक महागडी, भलीमोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क अशा जोडाव्यात की एक मेली तरी माहिती मरू नये, असे त्याचे म्हणणे होते. रेड या नावाने आज बहुतेक सर्व्हरमध्ये जी सोय असते तिचा उगम हाच. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेचा महासंगणक सहजी मिळत नव्हता, तेव्हा त्यांच्या चमूने बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर समांतर जोडून १९९१ साली परम ८००० उभा केला. दोन्हीकडचा विचार एकाच जातीचा आहे. सर्वांत भारी एक वस्तू मिळवण्याच्या मागे न लागता साध्या वस्तूंची जुळणी नीट करायची. लहान कार्यालयाने हाच धडा गिरवावा.

आता आपल्या जमिनीवर येऊ. या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत, आणि यंत्रालाही तो फरक कळतो. बुलडाणा, चिखली, मेहकर भागात उन्हाळा त्यातल्या त्यात सुसह्य असतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावे मे महिन्यात भाजून निघतात. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो. सर्व्हरसाठी हवेचे शिफारस केलेले तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे सर्वांत आधी मान टाकते ती यूपीएसची बॅटरी. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या आसपास धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. खोक्यावर पाच वर्षे लिहिलेली बॅटरी घाटाखाली दोन-अडीच वर्षांत बसते ती यामुळे. बॅटरी बदलण्याची तारीख खरेदीच्या दिवशीच नोंदवहीत लिहिली, आणि तेवढी रक्कम अंदाजपत्रकात धरली, तर कुणाला आश्चर्य करत बसावे लागणार नाही. जिनिंगच्या परिसरात कार्यालय असेल तर कापसाचा तूस पंख्यांत आणि वीजपुरवठ्याच्या एसएमपीएस पेटीत जाऊन बसतो. तिथे दर तिमाहीला कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणे हे देखभालीच्या करारात लिहूनच घ्यावे.

उन्हाच्या खालोखाल वीज. लाइन जाणे हे जितके वाईट, तितकेच ती परत येणेही. येताना दाब वरखाली होतो आणि घाव यंत्रावर बसतो. म्हणून निवडीची सुरुवात सर्व्हरपासून न करता भिंतीतल्या सॉकेटपासून करावी. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर घेऊन बोलवावे आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातला दाब मोजायला सांगावे. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. आठ-दहा दिसला तर वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये दोष आहे. मिठाकोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, आणि काळी माती भेगाळली की पट्टीचा जमिनीशी संबंधच तुटतो. त्यात पाणी घालायची जबाबदारी शिपायाकडे नावानिशी द्यावी, नाहीतर केमिकल अर्थिंग करून घ्यावे. या कामाचा खर्च सर्व्हरच्या मानाने किरकोळ आहे. पण कोटेशनमध्ये तो कुठेच नसतो, कारण विकणाऱ्याला त्यात रस नसतो.

त्यानंतर यूपीएस. साधा इन्व्हर्टर बदलाबदलीत क्षणभर अडखळतो, त्यावर सर्व्हर ठेवू नये. ऑनलाइन प्रकारचा एक केव्हीएचा यूपीएस लहान सर्व्हरला पुरतो. त्याच्यावर दिवसभर काम काढणे हा उद्देश नाही. पंधरा-वीस मिनिटे मिळाली की सर्व्हर रीतसर बंद व्हावा, एवढ्यासाठी तो आहे. त्यासाठी यूपीएसबरोबर एक केबल येते. ती सर्व्हरला जोडून, लाइन गेल्यावर आपोआप बंद होण्याची सोय बसवायची असते. कित्येक कार्यालयांत ती केबल खोक्यातच राहते. रात्री नऊला लाइन जाते, कार्यालयात कुणी नसते, बॅटरी संपते आणि सर्व्हर मध्येच कोसळतो. नेमक्या त्या वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर खात्याची फाइल अर्धवट राहते. यंत्र बसवणाऱ्याने जाण्यापूर्वी सगळ्यांसमोर यूपीएसचा मेन स्विच बंद करावा आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो का ते दाखवावे. दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

आता डिस्क. २००७ साली गुगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास डिस्क निकामी झाल्या होत्या. तिसऱ्या वर्षाच्या डिस्कमध्ये हे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे डिस्क जाणे हा अपघात नाही, ते ठरलेले आहे, फक्त तारीख माहीत नाही. लहान कार्यालयाने डोके न शिणवता दोन सारख्या डिस्क जोडीने लावाव्यात. दोन्हींवर एकच मजकूर, एक गेली की दुसरीवर काम चालू. तिसरी डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवावी, कारण ऐन मार्चअखेर ती गावात मिळेलच असे नाही. एसएसडी घ्यायची असेल तर अचानक वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करण्याइतकी शक्ती साठवणारी, सर्व्हरसाठी बनवलेली घ्यावी. घरगुती संगणकाची एसएसडी स्वस्त पडते, पण तीत ही सोय बहुधा नसते.

रॅमबाबत एकच आग्रह धरावा, तो चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमचा. रॅममधला एखादा बिट कधी कधी आपोआप उलटतो. मग पाचाच्या जागी सात जाऊन बसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. २००९ साली गुगलच्याच यंत्रांच्या अभ्यासात वर्षभरात सुमारे आठ टक्के रॅम पट्ट्यांवर अशा चुका आढळल्या. खेळासाठीच्या संगणकात ते चालेल, शेतकऱ्याच्या कर्जखात्यात चालणार नाही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर ईसीसी पेलणारे आहेत ना, एवढे पाहिले की प्रोसेसरची निवड तिथेच जवळपास संपते. त्याच्यावर जो पैसा वाचतो तो बॅकअपवर खर्च करावा.

कारण जोडीच्या डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. कारकुनाने चुकून खाते पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसले जाते. खंडणीखोर व्हायरस शिरला तर दोन्ही कुलूपबंद होतात. खोलीला आग लागली तर काहीच उरत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने राज्याला हे कागदांच्या बाबतीत दाखवून दिले. शेतकरी पुढच्या हंगामाचे बियाणे खायच्या धान्याच्या कोठीत ठेवत नाही, ते वेगळे राखतो आणि कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावत नाही. बॅकअपचा नियम याहून निराळा नाही. तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी. त्यातली एक संगणकापासून पूर्ण तोडलेली हवी. ती एसएसडीवर काढून कपाटात वर्षभर टाकू नये. झिजत आलेली एसएसडी विजेविना उष्ण जागी पडली तर काही महिन्यांत माहिती विसरू शकते. साध्या फिरत्या हार्डडिस्क दोन घ्याव्यात आणि आठवड्याआड पाळीपाळीने बाहेर न्याव्यात.

यावर कुणी म्हणेल की आता सर्व्हर हवाच कशाला, सगळे क्लाउडवर टाका. या म्हणण्यात तथ्य आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३ हजार प्राथमिक सेवा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तरतूद २,५१६ कोटींची ठेवली आणि सॉफ्टवेअर क्लाउडवरचे, सर्वांसाठी एकच ठरवले. या सोसायट्यांचे काम पाहणाऱ्या गटसचिवाकडे चार-पाच गावे असतात. त्याच्याकडून प्रत्येक गावात सर्व्हर सांभाळून घेणे शक्य नव्हते, तेव्हा तो निर्णय योग्यच आहे. पण क्लाउडमुळे आपली जबाबदारी संपत नाही. रस्त्याच्या कामात फायबर तुटला की दिवसभर व्यवहार अडतो. वर्गणी थकली, कंपनी बदलली, सॉफ्टवेअर बदलले की जुनी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार हे करारात नसेल तर सगळे परक्याच्या पेटीत जाऊन बसते, आणि पेटी परक्याची असली की काय होते ते १८७५ ने दाखवले आहे. क्लाउड घ्या किंवा सर्व्हर घ्या, महिन्याची एक पूर्ण प्रत साध्या, कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा स्वरूपात आणि युनिकोड मराठीत आपल्या ताब्यात असलीच पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नावांच्या याद्या फॉन्ट हरवल्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन बसतात, हे अनेक कार्यालयांनी पाहिले आहे.

नोंद चुकली की किंमत कोण मोजतो, हेही २०१७ च्या कर्जमाफीत दिसले. ऑनलाइन अर्ज आणि बँकांनी दिलेली खात्यांची माहिती यांचा मेळ बसेना आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच याद्यांत घोळ झाला. तो निस्तरेपर्यंत चकरा मारल्या त्या शेतकऱ्यांनी. यंत्र आणि नोंद या कार्यालयाच्या आतल्या बाबी आहेत असे म्हणून चालत नाही. त्यांचा भार बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसावर पडतो.

म्हणून खरेदीची रीत बदलायला हवी. सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर करायची पद्धत सचोटीसाठी आली आणि ती राहावी. पण कशाचा दर मागायचा हे संचालक मंडळाच्या हातात आहे. एका यंत्राचा दर न मागता पाच वर्षांचा एकत्रित दर मागावा. त्यात अर्थिंग, यूपीएस, मधली बॅटरी, तीन डिस्क, बॅकअपची साधने आणि देखभाल सगळे यावे. दुरुस्तीला माणूस किती तासांत येणार आणि तो खामगाव, अकोला, छत्रपती संभाजीनगर यांपैकी कुठून येणार, हे लिहून घ्यावे. शेगावसारख्या ठिकाणी शिकलेली मुले जिल्ह्यातच दुकाने थाटून बसली आहेत. चार-सहा लहान संस्थांनी मिळून त्यांच्यापैकी एकाला वर्षाच्या कराराने बांधून घेतले तर दूरच्या शहरातल्या हेल्पलाइनपेक्षा ते कितीतरी खात्रीचे. सहकाराचा जिल्हा म्हणवतो, तर इथेही सहकार करायला हरकत काय?

आणि सभासदांनीही आपले काम करावे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थांची सर्वसाधारण सभा होते. तिथे लाभांशावर पुष्कळ बोलले जाते. यंदा सभासदाने उठून विचारावे की बॅकअपवरून माहिती शेवटची कधी परत काढून पाहिली? कोणत्या यंत्रावर? आणि मागच्या ३१ मार्चची शिल्लक छापील ताळेबंदाशी रुपया-पैशासह जुळली का? ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे. एक रिकामा संगणक घ्यायचा, बाहेर ठेवलेली प्रत त्यावर चढवायची आणि दहा खाती काढून सभासदांच्या पासबुकाशी ताडायची. ती दरवर्षी व्हावी, लेखापरीक्षकाने अहवालात तिची नोंद घ्यावी आणि ती केल्याशिवाय नव्या यंत्राचा ठराव मांडूच नये. सर्व्हर पाच-सात वर्षांत बदलावा लागणार, त्यात वाईट काही नाही. सभासदाचे खाते मात्र त्याच्या नातवालाही वाचता आले पाहिजे, आणि ते वाचता येईल अशी व्यवस्था लावणे हेच संस्थेचे पहिले कर्तव्य आहे.